एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

कागद-पेन्सिल जवळ असेल तर ही संख्या लिहून घ्या: १,४२,८५७. तिची दुप्पट २,८५,७१४. तिप्पट ४,२८,५७१. तेच सहा अंक, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात बदललेली! सहापटीपर्यंत असंच. सातपट केली की मात्र सहाही अंक नऊ. कारण एकला सातनं भागताना दशांशचिन्हापुढे हेच अंक फिरत राहतात.

आता तिचा वर्ग: २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे पाडा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज? पुन्हा १,४२,८५७. अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे गोड नाव त्यांनीच दिलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ नं तिला नि:शेष भाग जातो. म्हणजे ती हर्षदही! विद्यापीठातलं पद नसताना एका शिक्षकानं हे शोधलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

बालमित्रांनो, आज ७०३ चा वर्ग करा, त्याचे ४९४ आणि २०९ हे तुकडे जोडून बघा.