मिस्टर ब्राउन यांचा वर्ग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आधीच बजावलं आहे, "जेवणाआधीचं भाषण आहे, जड काही नको आणि लांबण तर मुळीच नको." म्हणून मी विषय घेतला आहे एका जुन्या विलायती विनोदी मालिकेचा. नाव 'माइंड युअर लँग्वेज'. आपल्यापैकी काहींनी ती भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिली असेल, काहींनी पुढे कधीतरी मोबाइलवर. ज्यांनी पाहिली नाही, त्यांना थोडक्यात सांगतो.

लंडनमधली संध्याकाळची शाळा. परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांना तिथे इंग्रजी शिकवतात. जेरेमी ब्राउन नावाचे तरुण, सभ्य, जरासे भित्रे मास्तर नोकरीवर रुजू होतात. मुख्याध्यापिका मिस कोर्टनी. या बाईंचा पुरुष शिक्षकांवर मुळीच विश्वास नाही. पहिल्या दिवशी वर्गात विद्यार्थी दहा आणि देश नऊ. इटलीचा आचारी जोवानी, ग्रीसचा मॅक्स, स्पेनचा दारूच्या गुत्त्यात काम करणारा हुआन, फ्रान्स आणि जर्मनीहून आलेल्या, लोकांच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या दोन मुली, जपानी टारो, माओचं लाल पुस्तक हातात धरून बसलेली चिनी सू-ली, पाकिस्तानचा बेकार अली, भुयारी रेल्वेत नोकरी करणारा रणजीत सिंग, आणि कोपऱ्यात विणकाम करत बसलेली आपली जमिला.

मालिका लिहिली व्हिन्स पॉवेल यांनी. लंडन वीकेंड टेलिव्हिजनने ती काढली आणि पहिला भाग ३० डिसेंबर १९७७ रोजी दाखवला गेला. मास्तरांचं काम बॅरी इव्हान्स यांनी केलं.

विनोद कसला? तर भाषा शिकणाऱ्याचा. समजा, आपण कोणा परदेशी पाहुण्याला म्हणालो, "अहो, पोटात कावळे ओरडताहेत," आणि तो घाबरून डॉक्टरला बोलवायला धावला, तर जे होईल तेच त्या वर्गात रोज व्हायचं. मास्तर एखादा वाक्प्रचार सांगणार, वर्ग त्याचा शब्दशः अर्थ घेणार. अली 'येस'च्या जागी कायम 'येस प्लीज' म्हणणार. टारो प्रत्येक शब्दाच्या शेपटीला एक 'ओ' लावणार. आणि गंमत म्हणजे सगळ्यात न कळणारं इंग्रजी कुणाचं? शाळेच्या इंग्रज शिपायाचं, सिडचं! तो अस्सल लंडनच्या गल्लीतला. त्याची यमकांची बोली ऐकून विद्यार्थी एकमेकांची तोंडं बघायचे.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण आवडत्या गोष्टीचं कौतुक करताना ती लपवली तर ते खरं कौतुक नव्हे. १९७९ साली, तीन मालिका झाल्यावर, कंपनीतले अधिकारी मायकेल ग्रेड यांनी हा कार्यक्रम बंद केला. कारण प्रेक्षक नव्हते असं नाही, प्रेक्षक भरपूर होते. आक्षेप असा, की यात प्रत्येक देशाच्या माणसाचा ठोकळा करून ठेवला आहे. १९८६ मध्ये मालिका थोड्या काळासाठी परत आली. पण ब्रिटनमध्ये आज ती अवघडल्यासारखं वाटून बाजूला ठेवलेली गोष्ट आहे. तिला डोक्यावर घेतलं ते जास्त करून आपल्याकडच्या, म्हणजे जिच्यात आपली चेष्टा आहे असं म्हणतात त्या देशांतल्या लोकांनी!

आक्षेप खोटा नाही. शीख आणि मुसलमान एकत्र आले की भांडणारच, हिंदी बाई म्हणजे विणकाम करणारीच, हे ठोकळेच आहेत. आणि काळही साधा नव्हता. त्याच वर्षांत 'परदेशी लोकांना हाकला' म्हणत नॅशनल फ्रंट लंडनच्या रस्त्यांवर मोर्चे काढत होती. एप्रिल १९७९ मध्ये, आपली पंजाबी माणसं मोठ्या संख्येने राहतात त्या साउथॉलमध्ये, या लोकांविरुद्ध निदर्शनं झाली. त्यात ब्लेअर पीच नावाचे एक शिक्षक डोक्यावर फटका बसून गेले. बाहेर हे चाललेलं असताना 'येस प्लीज'ला हसणं सगळ्यांसाठी सारखंच निरागस होतं, असं मी म्हणणार नाही.

पण आणखी एक गोष्ट बघा. जमिलाचं काम करणाऱ्या जमिला मॅसी सिमल्यात जन्मलेल्या. पडद्यावर त्यांना इंग्रजीचं एक वाक्य धड येत नाही. प्रत्यक्षात त्यांनी पतीबरोबर भारतीय संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं! अली झालेले डिनो शफीक ढाक्याचे. रणजीत झालेले आल्बर्ट मोझेस श्रीलंकेचे. ग्रीक मॅक्स झालेले केव्होर्क मलिक्यान तुर्कस्तानात जन्मलेले आर्मेनियन. स्पेनचा हुआन जिब्राल्टरचा, चिनी सू-ली मलेशियातल्या पेनांगची. म्हणजे ही मंडळी स्वतःच दूरवरून आलेली होती, उत्तम इंग्रजी बोलत होती, आणि मोडकं इंग्रजी बोलण्याचं सोंग करून पोट भरत होती. सरळ इंग्रजी बोलणाऱ्या सिमल्याच्या बाईला त्या काळी टीव्हीवर किती भूमिका मिळाल्या असत्या, हा प्रश्न मला हसता हसता टोचतो.

मग तरीही मला ही मालिका का आवडते? उत्तर आपल्या शाळेत आहे.

आपण मराठी माध्यमाची मुलं. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आपण सुटल्यावर. दहावीला चांगले गुण घेऊन आपण कॉलेजात गेलो आणि अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलो. प्रश्न कळायचा, उत्तर यायचं, पण तोंड उघडायचं नाही. भीती चुकण्याची नव्हती. चुकल्यावर जे हसू येईल, त्याची होती.

आणि हे फक्त इंग्रजीचंच नाही. आठवा, आपल्याच वर्गात वाडीवरून चालत येणारी मुलं होती. ती घरी बोलतात तसं 'पानी' म्हणायची, 'लोनी' म्हणायची. धडा वाचायला उभं केलं की पहिल्या ओळीलाच वर्गात हशा पिकायचा. त्यातला एक मुलगा पुढे पुढे उभाच राहीनासा झाला. गणितात तो भल्याभल्यांना ऐकणारा नव्हता. आज तो इथे नाही. नववीनंतर त्याने शाळा सोडली. कारणं अनेक असतील, घरची परिस्थिती असेल. पण 'ण'ला 'न' म्हणण्यावरून झालेलं हसू त्यात नसेलच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

म्हणून मिस्टर ब्राउन मला मोलाचे वाटतात. त्यांच्या वर्गातही हशा आहे, आपल्या वर्गापेक्षा जास्त आहे. पण प्रत्येक जण चुकतो, त्यामुळे चूक ही कुणा एकाची मालमत्ता नाही. मास्तर कपाळाला हात लावतात, वैतागतात, आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्याच विद्यार्थ्याला विचारतात. जमिला भाग संपेपर्यंत जेमतेम दोन शब्द बोलते, तरी तिची पाळी चुकत नाही. दुसऱ्या दिवशी दहाही जण हजर! चुकणारा माणूस उद्या परत येतो का, हीच वर्गातल्या हसण्याची परीक्षा. लोक परत येत असतील तर ते हसू निभावतं. एकाने जरी येणं सोडलं, तर तो विनोद नव्हे.

आपल्याकडे १९९३ मध्ये याच कल्पनेवर राजीव मेहरा यांनी 'जबान संभालके' काढली. पंकज कपूर हिंदीचे मास्तर, आणि शुभा खोटे मुख्याध्यापिका. त्या वर्गात आपलाही प्रतिनिधी होता, विठ्ठल बापूराव पोटे, म्हणजे शुभाताईंचे भाऊ विजू खोटे! मराठी माणसाच्या हिंदीची फजिती बघून आपण मराठी माणसंच पोट धरून हसलो. कारण तो आपला होता, आणि वर्गात त्याचं बाक पक्कं होतं.

बॅरी इव्हान्स यांच्या वाट्याला मात्र पुढे फारसं काम आलं नाही. शेवटी ते टॅक्सी चालवत होते. १९९७ मध्ये अवघ्या ५३व्या वर्षी ते गेले. जगभर इतक्या घरांत ज्यांचा वर्ग भरत होता, त्या मास्तरांना त्यांच्याच देशाने विसरावं, याचं वाईट वाटतं.

गुरुजनहो, तुमच्यापैकी ज्यांनी आम्हांला "चुकू दे, पण बोल" असं सांगितलं, त्यांच्यामुळे मी आज इथे न अडखळता बोलतो आहे. तेव्हा आभार मानायचं राहून गेलं असेल, ते आज मानतो.

आणि मित्रांनो, एक विनंती. आपण शाळेला संगणक देणार आहोत, पाण्याची टाकी बांधणार आहोत, उत्तमच. त्यासोबत दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास मागू या. आपल्यापैकी दोघांनी पाळीपाळीने यायचं आणि आठवी-नववीच्या मुलांशी इंग्रजीत गप्पा मारायच्या. पुस्तक नाही, परीक्षा नाही. नियम एकच, हसायला परवानगी आहे, पण ज्याला हसलो त्यालाच पुढचा प्रश्न विचारायचा. पहिल्या दोन शनिवारी मी येतो. पुढच्या नावांसाठी वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे.

आणि आता, पोटात खरोखरच कावळे ओरडताहेत.