स्तोत्रांतील राजा



आमच्या तुकईथडच्या मुलांना सहलीस न्यावयाचे म्हणजे बहुधा असीरगड ठरलेला. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर हा गड उभा आहे. एकामागून एक दरवाजे ओलांडीत वर चढावे लागते. जानेवारी १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला, तेव्हा बादशहाच्या छावणीत जेरोम झेवियर हे येशूसंघीय धर्मगुरू होते. त्या संघाच्या पत्रांवरून रचलेल्या वृत्तान्तात, गड तोफांनी पडला नाही, आतल्या सरदारांना सोने वाटून तो उघडला, असे म्हटले आहे. मोगल इतिहासकार गडावरील रोगराईचे कारण देतात. हा वाद आपण इतिहासकारांवर सोपवू. मला त्या दरवाजांत उभे राहिले की चोविसावे स्तोत्र आठवते.

त्या स्तोत्रातही दरवाजेच आहेत. राजा आला आहे, तेव्हा दारांनी आपले माथे उंच करावे, असे बाहेरचे म्हणतात. हा राजा कोण, असे आतून विचारले जाते. उत्तर मिळते, तरी प्रश्न पुन्हा येतो. कराराचा कोश सियोन डोंगरावर नेताना हे गायिले जात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ख्रिस्तसभेने ते प्राचीन काळापासून प्रभूच्या स्वर्गारोहणाला लावले. १९५५ च्या सुधारणेपूर्वी झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक देवळाच्या बंद दारापाशी थांबे, आणि क्रुसाच्या दांड्याने ते दार ठोठावले जाई. सोने नाही, तोफ नाही, क्रूस!

एकदा धर्मशिक्षणाच्या तासाला एका मुलाने विचारले, “सर, दाविदाची गाणी येशूच्या हजार वर्षे आधीची. मग त्यांत येशू कसा?” प्रश्न रास्त होता. स्तोत्रे म्हणजे काही पंचांग नव्हे. ती प्रथम इस्राएलच्या राजांसाठी, इस्राएलच्या दुःखांसाठी गायिली गेली. पण राजासाठी शिवलेला अंगरखा प्रत्येक राजाला मोठाच व्हावा, तसे त्यांतील शब्दांचे झाले आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी संत पेत्राने नेमके हेच दाखविले. सोळाव्या स्तोत्रात कुजणे न पाहणाऱ्या भक्ताचे वर्णन आहे. दावीद तर मरण पावला आणि त्याची कबरही लोकांसमोर होती. मग हे शब्द कोणाचे? एकशे दहाव्या स्तोत्राविषयी असाच प्रश्न स्वतः प्रभूने परुश्यांना घातला होता. दावीद ज्याला प्रभू म्हणतो, तो केवळ त्याचा पुत्र कसा? त्यांना उत्तर सुचले नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे दोन भाग केले, त्यामागेही हीच दृष्टी आहे. पहिल्या पुराणात जुन्या करारातील प्रतीक्षा आहे, दुसऱ्यात तिची पूर्तता.

आता बाविसाव्या स्तोत्राकडे वळतो. जुन्या लॅटिन क्रमाने ते एकविसावे. घरातील जुनी पुस्तके चाळणाऱ्यांचा येथे घोटाळा होतो. देवाने आपल्याला का टाकले, हा क्रुसावरील आक्रोश या स्तोत्राच्या आरंभीचा आहे. पुढे थट्टा करणारे येतात, वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकणारे येतात. शुभ शुक्रवारी आपण एवढेच ध्यानात धरतो. माझी आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून मी हेच स्तोत्र वाचीत होतो. अस्थी मोजण्याच्या ओळीपाशी आलो आणि तिच्या हातांकडे पाहून माझा आवाज बसला. मी पुस्तक मिटले.

“थांबलास का रे?” ती म्हणाली. “पुढचं वाच. ते अर्ध्यावर संपत नाही.”

मी वाचू लागलो. तोच पीडित पुढे महासभेत उभा राहून देवाची स्तुती करतो, दीन जन जेवून तृप्त होतात, पृथ्वीच्या सीमांपर्यंतचे लोक देवाकडे वळतात. विजय वेगळ्या स्तोत्रात नव्हता, त्याच आक्रोशाच्या पोटात होता. इतकी वर्षे मुलांना शिकवूनही माझ्या ते ध्यानी आले नव्हते. अखेरीस अजून न जन्मलेल्या पिढीचा उल्लेख येतो. तेथे आईने डोळे उघडले आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलाला खुणेने जवळ बोलाविले.