दृष्टी आणि शिदोरी



संग्रहालयाची वास्तू धनाने उभी राहते. कलावस्तू पारखण्याची दृष्टी मात्र गुरूकडूनच लाभते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पॉल सॅक्स यांनी १९२१ मध्ये संग्रहालयविद्येचा वर्ग आरंभिला. शिष्यांना घरी बोलावून ते मूळ कलावस्तू त्यांच्या हाती देत. त्यांचेच शिष्य आल्फ्रेड बार १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले संचालक झाले.

परंतु विनावेतन उमेदवारी सधनांच्या मुलांनाच परवडते. म्हणून मेलन प्रतिष्ठानाने २०१३ मध्ये पाच संग्रहालयांतून विद्यावेतनासह उमेदवारीची योजना आखली. प्रत्येक विद्यार्थी एका अनुभवी अभिरक्षकाच्या हाताखाली शिकू लागला.

आपल्याकडेही वारावर जेवून कित्येक विद्वान घडले. गुरूने विद्या द्यावी, शिष्याच्या अन्नाची चिंता समाजाने वाहावी. तरच परंपरा पुढे चालते.