‘आज नाही’ म्हणणारा वाटाड्या



‘तुझ्या बर्फावरच्या सहलीबद्दल बोल’ असा संयोजकांचा निरोप आला, तेव्हा मला हसूच आलं. आपल्या श्रीवर्धनात बर्फ म्हणजे जीवना बंदरावर मासळीवर टाकतात तो. तरी बोलते, कारण तिथे जे पाहिलं ते आपल्या किनाऱ्याच्या उपयोगाचं आहे. आपल्यातले कितीतरी जण आज पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतात, होड्या चालवतात.

आधी गाडीबद्दल. स्नोमोबाईल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि स्कूटरसारखं हँडल. वजन 200 किलोच्या वर. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातला जोसेफ-आर्मां बोंबार्डिए अशा गाडीच्या खटपटीत होता. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद, इस्पितळ गाठता आलं नाही, मूल गेलं. 1937 मध्ये त्याने सात माणसांच्या बर्फगाडीचं पेटंट घेतलं आणि 1959 मध्ये ‘स्की-डू’ ही छोटी गाडी बाजारात आणली. आज लोक ती मौजेसाठी चालवतात, पण तिच्या मुळाशी दवाखान्याची वाट आहे.

आम्ही गेलो होतो ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकच्या पलीकडे, डोंगरातल्या एका लाकडी लॉजवर. हिवाळ्यात तिथे मोटारीचा रस्ता नाही. सोबत वाटाड्या असतो. त्याने पहिला अर्धा दिवस गाडी चालवूच दिली नाही. प्रत्येकाच्या छातीला एक यंत्र बांधलं. ते सतत रेडिओ संदेश सोडतं. कुणी बर्फाखाली गाडला गेला, तर बाकीच्यांनी आपली यंत्रं ‘ऐकण्या’वर टाकून त्याला शोधायचं. मग लांब सळई खुपसून नेमकी जागा धरायची आणि फावड्याने उकरायचं. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर माणूस वाचण्याची चांगली आशा असते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत वेळ नसतो; सोबतीच वाचवणारे. त्याने एक यंत्र बर्फात पुरलं आणि आमच्याकडून पुन्हा पुन्हा शोधून घेतलं.

नियम मोजके. 30 ते 45 अंशांच्या उतारावर हिमकडा सुटण्याचा धोका सर्वांत जास्त, म्हणून तिथे एका वेळी एकच गाडी. कुणाची गाडी वर रुतली, तरी दुसऱ्याने मदतीला चढायचं नाही.

दुसऱ्या रात्री खूप बर्फ पडला, वारा सुटला. सकाळी लख्ख ऊन. वाटाड्याने त्या दिवशीचा धोक्याचा इशारा वाचला, बर्फात खड्डा खणून थर पाहिले, फावड्यावर थापा मारून ते किती सहज निसटतात ते तपासलं आणि म्हणाला, ‘उघड्या उतारांवर आज नाही. झाडीतून फिरू.’ आमच्यातल्या एकाने भरलेल्या पैशांचा हिशोब काढला. वाटाड्या शांतपणे कॉफी ओतत राहिला.

त्याला ते जमलं, याचं कारण मी संध्याकाळी मालकाला विचारलं. वाट ठरवण्याचा अधिकार वाटाड्याचा, हे पैसे भरण्याआधीच लेखी होतं. आणि उतार बंद ठेवला म्हणून त्याचा रोज कापला जात नव्हता. त्याच गावाजवळ 13 मार्च 2010 ला बोल्डर माउंटनवर सुमारे 200 माणसं जमली होती. धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता. हिमकडा कोसळला, दोघं गेले, तीसेक जखमी झाले. इशारा होता, थांबवणारा कुणी नव्हता.

आता आपल्याकडे या. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट ओहोटीचीच, हे आपल्याला पोरवयापासून ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हेही. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे उधाण सर्वांत मोठं त्या दिवशी, आणि पाणी सर्वांत वर नेमकं दर्शन आटोपून लोक प्रदक्षिणेला निघतात तेव्हा! हे ज्ञान आपल्या घराघरात आहे. पण होडीवरचा पोरगा रोजावर असतो. ‘आज नाही’ म्हटलं तर त्याचा रोज बुडतो आणि पाहुणा शेजारच्याकडे जातो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. अशा घराला पाहुणा नाकारणं सोपं नाही, हे मी मुंबई-पुण्यात बसून सांगायची गरज नाही.

म्हणून तीनच गोष्टी सुचवते. प्रत्येक घराच्या ओसरीवर रोजची तिथी आणि भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळा. खोली ठरवतानाच पाहुण्याला सांगायचं, की समुद्रावरचा शब्द इथल्या माणसाचा. आणि आपल्या तुकडीचा एक छोटा निधी, ज्यातून होडी बंद ठेवलेल्या दिवशी त्या पोराला अर्धा रोज मिळेल. माझा वाटा मी आज संयोजकांकडे देऊन ठेवला आहे. रक्कम, नियम, हिशोब हे इथे राहणाऱ्यांनी ठरवावं.

फळ्यावरची पहिली तिथी आपल्या शाळेतल्या मुलांनी लिहावी, अशी सरांना आणि बाईंना विनंती करते आणि थांबते.