शरणपूर : नाशिक-दर्शनांतून सुटणारें ठिकाण

एका दिवसांत नाशिक पाहूं इच्छिणाऱ्या प्रवाशाला वाटाड्याची उणीव सहसा भासत नाहीं. पूर्वीं हें काम तीर्थोपाध्याय करीत. यजमानाचें गांव व आडनांव विचारून ते जुनी वही उघडीत आणि त्याच्या पणजोबांचा लेख त्याच्यापुढें ठेवीत. आजोबांपलीकडचें नांव ठाऊक नसलेला मुंबईकर त्या अक्षरांपुढें क्षणभर तरी गंभीर होई. आतां मोटारी आल्या, आणि मोटारीला वेळेचें बंधन असतें.

सकाळीं रामकुंड, मग काळाराम. सरदार ओढेकरांनीं बांधविलेल्या या काळ्या दगडाच्या मंदिराचें वर्णन वाटाड्या मनापासून करतो. परंतु त्याच्या दरवाजांशीं २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेला सत्याग्रह पुढें कित्येक वर्षें चालला, हें सांगावयास तो विसरला, तर श्रोत्यानें विचारावें.

दुपारीं पांडवलेणीं. पांडवांचा या लेण्यांशीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंचीं आहेत. नहपानाचा जांवई उषवदात यानें येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें ठेवले. त्या व्याजांतून वीस भिक्षूंना वर्षाकांठीं प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रांसाठीं मिळावेत, असा हिशोब त्यानें दगडांत कोरून ठेविला आहे. तो आजहि बरोबर जमतो!

लेणीं पाहून गांवांत परतलें कीं दिवस संपला. शरणपूर रस्त्यावरून मोटार गेलीच, तर ती थांबत नाहीं. या रस्त्याला ज्या वस्तीचें नांव आहे, ती रेव्हरंड प्राइस यांनीं १८५४ सालीं वसविली. अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें इंग्रजी आरमार अडवी. सुटका झालेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरत आणि त्यांतलीं कित्येक शरणपुरास येत. आईबापांपासून तोडलेलीं तीं मुलें गोदावरीकांठीं सुतारकाम, लोहारकाम व लिहिणें-वाचणें शिकलीं.

१८६६ सालीं डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अखेरच्या प्रवासास निघाले, तेव्हां नाशिकचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते. पुढें १८७२ मध्यें जेकब वेनराइट त्यांना जाऊन मिळाला. तोहि नाशिकचाच विद्यार्थी. १८७३ च्या मे महिन्यांत चितांबोच्या गांवीं लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनीं त्यांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें. जेकबनें प्रार्थना वाचली व त्या झाडाच्या खोडावर नांव आणि दिवस कोरला. नंतर सुकविलेला देह घेऊन ही मंडळी हजारांहून अधिक मैल चालत समुद्रकांठीं पोंचली. परत फिरावयास त्यांना कोणी अडविलें नव्हतें. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत लिव्हिंगस्टन यांच्या शवपेटीचा पडदा धरणाऱ्यांत जेकब होता.

१८७५ सालीं प्राइस यांनीं मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसविलें. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचें नांव त्यास दिलें गेलें. तेथील पहिल्या रहिवाशांत नाशिकहून गेलेले आफ्रिकन होते. त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. गुलामांचे व्यापारी आल्याची सूचना देणारी एक घंटा तेथें टांगली होती. घंटेस स्वाहिली भाषेंत 'केंगेले' म्हणतात. त्यावरून त्या भागाला आजहि केंगेलेनी हें नांव आहे.