अपुऱ्या दिवसांचें बाळ आणि त्याची कावीळ

श्रोतेहो, पिंपरीस पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ सालीं झाली. पुढें चिंचवड, भोसरी आणि चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले, आणि त्यांच्या मागोमाग मराठवाड्यांतून, विदर्भांतून व परप्रांतांतूनही तरुण जोडपीं येथें आलीं. अशा बिऱ्हाडांत बाळंतिणीजवळ पुष्कळदां आई नसते, सासूही नसते. घरधनी रात्रपाळीवर, मग शेजारीण सांगेल तोच शास्त्रार्थ. बाळ पिवळें दिसूं लागलें, कीं ‘चांगलें तेल जिरवा, उन्हांत धरा’ असा सल्ला मिळतो. त्यांत तथ्य किती, हें आज पाहूं.

गर्भाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधीं जन्मतें तें अपुऱ्या दिवसांचें मूल. अशा शंभर मुलांपैकीं सुमारें ८० मुलांना पहिल्या आठवड्यांत कावीळ दिसते. रक्तांतील तांबड्या पेशी मोडतात, आणि त्यांतून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य निघतें. तें बाहेर टाकण्याचें काम यकृताचें. पण या मुलांचें यकृत अद्याप कच्चें असतें. शिवाय दूध थोडें जातें, शौचास उशिरा होतें, आणि आंतड्यांत उतरलेलें बिलिरुबिन पुन्हां रक्तांत शिरतें. बहुतेकांची कावीळ ओसरते. परंतु तें द्रव्य फार सांचलें तर मेंदूंत उतरतें. मूल बहिरें होतें, हातपाय ताठतात, आणि ही हानि मग भरून येत नाहीं.

यावर मुख्य उपाय प्रकाशाचा. इंग्लंडांत रॉचफर्डच्या रुग्णालयांत जीन वॉर्ड ही परिचारिका बाळांना उन्हांत नेत असे. १९५६ सालीं तिनें एका बाळाच्या उघड्या अंगाचा पिवळेपणा ओसरलेला डॉक्टरांना दाखविला. त्या निरीक्षणांतून प्रकाशोपचार निघाला, आणि १९५८ सालीं त्यावरील निबंध ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. निळ्या प्रकाशानें बिलिरुबिनाची घडण बदलते व तें सहज बाहेर पडतें. घरच्या उन्हाला मात्र माप नाहीं. त्यांत मूल गारठतें किंवा पोळतें.

आतां तेल. हलक्या हातानें चोळलेल्या नवजात बाळांना अधिक वेळां शौचास झालें व बिलिरुबिन कांहींसें लवकर उतरलें, असें कांहीं प्रयोगांत आढळलें आहे. स्पर्शानें आंतड्यांना चालना मिळते, हें त्याचें कारण मानतात. पण हे प्रयोग लहान आहेत. त्यांवरून चोळण्याला प्रकाशाची जागा देतां येत नाहीं. मुंबईच्या शीव रुग्णालयांतील डॉक्टरांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल तेलानें अपुऱ्या दिवसांच्या बाळांचें वजन अधिक वेगानें वाढलें. तेव्हां तेलाचा गुण खोटा नव्हे. मात्र तो काविळीचा उतारा नव्हे. आणि पाय पिळणें, डोकें दाबणें, मोहरीचें तेल खसखसून लावणें हें तर या बाळाच्या नाजुक कातडीला मुळींच सोसत नाहीं. डॉक्टरांनीं अनुज्ञा दिल्यावर, उबदार खोलींत, आईनें स्वतः अलगद हात फिरवावा. निळ्या दिव्याखालीं असतांना अंगाला तेल लावूं नये.

आईनें हळद सोडून, बाळाच्या गळ्यांत माळ घालून किंवा त्याला साखरपाणी पाजून कावीळ उतरत नाहीं. उलट वेळ मात्र जातो. वारंवार आईचें दूध, ओढतां येत नसल्यास वाटी-चमच्यानें, हेंच त्याचें औषध.

चाकणच्या कारखान्यांत नुसत्या नजरेनें कोणी सुटा भाग मान्य करीत नाहीं. तेथें माप लागतें. काविळीचेंही तसेंच आहे. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, मूल दूध ओढीनासें झालें, सुस्त पडलें, किंचाळल्यासारखें रडूं लागलें अथवा पाठ ताठ करूं लागलें, तर सकाळची वाट पाहूं नये. शौच पांढुरकें होत असेल तरीही डॉक्टर गांठावा. पिंपरीस संत तुकारामनगरांत महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे. आणि १०८ क्रमांक फिरविल्यास रुग्णवाहिका विनामूल्य येते.

तेलाची वाटी घरांत असूं द्यावी, श्रोतेहो. परंतु बाळ पिवळें दिसतांच हात तिच्याकडे न जातां पाय दवाखान्याकडे वळावेत. रक्ताची एक परीक्षा आणि वेळेवरचा प्रकाश एवढ्यानें जें जन्मभराचें अपंगत्व टळतें, तें नंतर कोणत्याही तेलानें बरें होत नाहीं.