हौशी माणसाची पेटी आणि आपले कपाट

(तालुक्याच्या शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणक या विषयावर आपणांपुढे यापूर्वी अनेक व्याख्याने झालेली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचा रोख यंत्र कसे चालवावे याकडेच होता. आज मला यंत्राविषयी फारसे सांगावयाचे नाही. एका हौशी आज्ञावलीकाराने फावल्या वेळात केलेली आपली कामे सर्वांसाठी कशी खुली केली आणि पुढे त्या कामांचे काय झाले, तेवढेच सांगावयाचे आहे. कारण तसलीच एक पेटी आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात पडून आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे बिल केंड्रिक यांना संगणकावरील लहानसहान खेळ रचण्याचा छंद. या घरगुती उद्योगाला त्यांनी 'न्यू ब्रीड सॉफ्टवेअर' असे भारदस्त नाव दिले आणि त्या नावाखाली आपले खेळ लोकांपुढे ठेवले. एकात सर्कशीतले विदूषक फुगे फोडतात, तर दुसऱ्यात वरून पडणारे बॉम्ब झेलावयाचे असतात. त्यांत अलौकिक असे काही नव्हते. कित्येक तर जुन्या खेळांवरूनच बेतलेले होते. तथापि या खेळांबरोबर त्यांनी त्यांची मूळ संहिताही देऊन टाकली.

मूळ संहिता म्हणजे काय, हे आपणांस समजावून सांगणे सोपे आहे. मुलाने पाटीवर नुसते उत्तर लिहिले, तर ते बरोबर की चूक एवढेच कळते. रीत मांडली, तर चूक कोठे झाली तेही दिसते आणि दुसरा विद्यार्थी त्या रीतीने पुढचे गणित सोडवू शकतो. विकत मिळणारी बहुतेक सॉफ्टवेअरे आपणांस उत्तर देतात, रीत देत नाहीत. रीतही द्यावी, असा आग्रह धरणारी चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केली, आणि १९८९ मध्ये त्यासाठी एक लेखी परवाना सिद्ध केला. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिचा अभ्यास करावा, तीत बदल करावा, तिच्या प्रती वाटाव्यात, ही चार स्वातंत्र्ये त्या परवान्याने मिळतात. अट एवढीच की, बदललेली प्रत पुढे देताना हीच स्वातंत्र्ये पुढच्यासही दिली पाहिजेत. अशा परवान्यांना व्यापून असणारा 'मुक्तस्रोत' हा शब्द १९९८ मधला.

आता केंड्रिक यांच्या पेटीकडे वळू. तीतील काही खेळ जसे होते तसेच राहिले, आणि त्यात वाईट काहीच नाही. 'सुपरटक्स' नावाचा एक अर्धामुर्धा खेळ मात्र इतर हौशी मंडळींनी हाती घेतला, वाढविला, आणि आज तो मूळ कर्त्याच्या मदतीवाचून चालतो. 'टक्स मॅथ' या खेळात आकाशातून उल्का पडतात, प्रत्येकीवर एक गणित असते, आणि उत्तर वेळेत दिले तर खालचे गाव वाचते. त्याचीही निगा पुढे दुसऱ्यांनीच घेतली.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे 'टक्स पेंट'. लिनक्स या मुक्त प्रणालीवर लहान मुलांस साजेसे चित्रकलेचे साधन नव्हते, म्हणून २००२ मध्ये केंड्रिक यांनी ते रचले. तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ते आहे. डावीकडे साधनांची मोठी बटणे, खाली रंगांची ओळ, आणि तळाशी सूचना सांगणारा एक पेंग्विन. चित्र जपून ठेवताना फाइलचे नाव विचारलेच जात नाही. पुढच्या वेळी मूल आपल्या चित्राची छोटी प्रतिमा पाहूनच ते उघडते. ज्यास अद्याप अक्षरे जुळविता येत नाहीत, त्यास नाव विचारून अडवू नये, हे या गृहस्थास सुचले, याचे मला फार कौतुक वाटते. पहिलीचा वर्ग ज्याने सांभाळला आहे, त्यासच या गोष्टीची किंमत कळेल.

एकदा यंत्रावर बसविल्यानंतर यास इंटरनेट लागत नाही. लोकवर्गणीतून आलेल्या जुन्या संगणकावरही ते चालते. संहिता खुली असल्यामुळे देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी त्याची भाषांतरे केली, आणि त्यांत मराठीही आहे. गंमत अशी की, वीस वर्षे उलटून गेली तरी त्याच्या आवृत्तीचा क्रमांक शून्य दशांश नऊच्याच घरात होता. एकपर्यंत पोचलाच नव्हता. काम पूर्ण झाल्यावर लोकांस देऊ, असे कर्त्याने ठरविले असते, तर एवढ्या मुलांच्या हाती ते पडलेच नसते.

आता आपल्या कपाटाविषयी. उजळणीच्या गणितांचे नवे नवे संच करून देणारा तक्ता कोणी रचला आहे, जोडाक्षरांची कार्डे छापणारी लहानशी आज्ञावली कोणी लिहिली आहे, निकालपत्रक आपोआप भरणारी मांडणी तर अनेकांनी केली आहे. शिक्षकाची बदली होते, आणि ही सारी विद्या त्याच्याबरोबर पेन ड्राइव्हमध्ये निघून जाते. मागे येणारा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो.

नुसती प्रत देऊन मात्र भागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीतच गणली जाते, (कवीच्या पंक्तीस बसण्याचा मान आपणांस असा अवचित मिळतो.) कर्त्याने काहीच लिहिले नाही, तर हक्क राखून ठेवलेलेच समजले जातात आणि घेणाऱ्यास सुधारणा करून वाटण्याचा अधिकार मिळत नाही. म्हणून सोबत परवान्याचा मजकूर ठेवावा, आणि हे साधन कशासाठी, कसे चालवावे, कोठे अडते, हे सांगणारे एक पान मराठीत लिहून जोडावे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर कायद्याने सामान्यतः मालकाचा हक्क पोचतो. तेव्हा तसे काम असल्यास आधी कार्यालयास विचारून घ्यावे. दुसऱ्याची चित्रे आपली म्हणून वाटू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, निकालपत्रकाची मांडणी देताना मुलांची नावे, आधार क्रमांक, जन्मतारखा त्यातून पूर्णपणे काढून टाकाव्यात. रिकामा तक्ता द्यावा, भरलेला कधीही देऊ नये. येथे हयगय झाली, तर आपल्या औदार्याचा भुर्दंड निष्पाप मुलांस पडेल.

आज्ञावली लिहिता न येणाऱ्यांसही या पेटीत भर घालता येते. टक्स पेंटमध्ये चित्रांचे ठसे असतात. मूल ते कागदावर उमटविते. नवा ठसा करण्यास पारदर्शक पार्श्वभूमीचे एक चित्र, त्याच नावाची वर्णनाची लहानशी मजकूर-फाइल, आणि हवा असल्यास उच्चाराचा ध्वनी एवढे पुरते. तिफण, सूप, जाते, बैलगाडी यांची चित्रे आपणच काढावीत, वर्णनाची ओळ मराठीत लिहावी, आणि शब्दाचा उच्चार चौथीतल्या एखाद्या मुलीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावा. पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने असे पाच ठसे आणावेत. ते एकत्र करून परवान्यासह सर्व केंद्रांस पाठविण्याची व्यवस्था मी करीन.